देवाला वरून बघायचं नाही

आसाकुसा या जुन्या वस्तीत, देवळामागच्या आळीत तोमिएबाईंचं तांदळाच्या पापड्या भाजायचं दुकान आहे. बाईंनी सत्तरी गाठली, पण मे महिन्यात देवाची पालखी निघाली की पहिल्या दांडीला डावीकडे खांदा त्यांचाच. तरणेताठे गडीही त्यांना वचकून असत. यंदा मात्र बाईंचा पाय मोडला आणि ऐन पालखीच्या दिवशी सुनेने त्यांना माडीवर नेऊन ठेवलं.

"खाली ठेवलं तर प्लास्टरसकट पळाल तुम्ही," मिवा म्हणाली. सून ओसाकाची, तोंडाने भलतीच फटकळ.

"अगं, पण माडीवरून देवाला बघतात का? देव खाली आणि मी वर? जीभ झडेल माझी!"

"जीभ झडली तर बरंच होईल, आई. खिडकी लावते. नुसतं ऐका."

रिवाजच तसा: पालखी जाताना माडीच्या खिडक्या बंद. मिवा खाली भट्टीवर गेली.

एवढ्यात लांबून पालखीवाल्यांचं "सोइया! सोइया!" ऐकू आलं आणि बाईंच्या अंगातच आलं. त्यांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बूड टेकवलं, प्लास्टरचा पाय पुढे रोखला आणि दिलं स्वतःला सोडून. धाड, धाड, धाड! खाली पापड्या खाणारी गिऱ्हाइकं जीव मुठीत घेऊन बाजूला झाली.

"आई! दुसरा पाय मोडायचाय का?"

"मोडू दे! आधी मला दारात बसव!"

मिवाने कपाळावर हात मारला, पण स्टूल आणलंच.

पालखी वळणावर आली. त्या गर्दीत बोटभर जागेसाठी लोक एकमेकांना कोपरं मारतात. आणि पहिल्या दांडीला डावीकडे चक्क एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी! मागचे दोघे दातओठ खाऊन जादा भार पेलत होते, पण तिथे कुणी खांदा लावला नव्हता. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

पुढे चालणारा म्हातारा शिगेजो ओरडला, "काय हो बाई, येताय, की वाट बघून आम्हीच मरायचं?"

बाईंनी अंगातला आळीचा निळा डगला, ज्यावाचून पालखीला खांदा लावता येत नाही तो, ओरबाडून काढला आणि सुनेच्या तोंडावर फेकला. "बघतेस काय? घूस!"

"मी? अहो, मी परगावची, ओसाकाची!"

"ओसाकात माणसांना खांदे नसतात का? घूस म्हणते ना!"

डगला चढवून मिवा घुसली. दांडी खांद्यावर आदळली तशी ती किंचाळली आणि मग जी हसत सुटली, ती थांबेचना. स्टुलावर तोमिएबाई ढसाढसा रडत, खदाखदा हसत ओरडत होत्या, "खांदा वर, सूनबाई! वर! माझी जागा आहे ती!"