देवस्थळी मॅडमच्या खात्यातून

शैला देवस्थळी. हे नाव आधीच लिहून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. आईवडिलांनंतर मी कुणाचं सर्वांत जास्त देणं लागत असेन, तर या बाईंचं. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते आजवर माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं वाटतंय. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी दिग्रसचा. वडील सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पुण्यात आलो तेव्हा विश्रांतवाडीत दोन मित्रांबरोबर एक खोली होती आणि पेठेतल्या एका लहानशा डिझाइन स्टुडिओत नोकरी – स्मरणिका, गौरवग्रंथ, शाळांची माहितीपत्रकं, असली कामं. देवस्थळी मॅडम तिथल्या सर्वांत जुन्या डिझायनर. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला तिखट. मी पहिल्यांदा एक जुना फोटो उजळवून दाखवला, तर म्हणाल्या, "गजानन, हा माणूस आहे, भिंत नाही. इतका चुना लावू नकोस." आणि मग शेजारी खुर्ची ओढून दुपारभर शिकवत बसल्या. माझी पदवीची शेवटची परीक्षा आली, तेव्हा स्टुडिओच्या मालकांशी, सरांशी, माझ्या सुट्टीसाठी भांडल्या त्या. निकाल लागला तेव्हा वडिलांच्या आधी मी त्यांना फोन केला होता.

आता कामाची पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी माझ्या संगणकावर फोटो सुधारायचो, मॅडम त्यांच्या संगणकावर पानं लावायच्या. दोघांचे प्रोग्रॅम वेगळे, पण फोटोंचं फोल्डर एकच – क्लाउडवर. पानात खरा फोटो नसतो, फोटो कुठे ठेवलाय एवढंच त्या पानाला ठाऊक असतं. फोल्डरमधला फोटो बदलला की पानातलाही बदलतो. आणि कोणती फाइल कुणी बदलली, याची नोंद क्लाउडवर राहते.

परीक्षेच्या दिवसांत माझ्या खात्यातली जागा संपली, तेव्हा मॅडमनी त्यांचा पासवर्ड दिला. "माझ्यातून कर. सरांकडे जागा मागितलीस तर ते आधी भाषण देतील." पुढे माझं खातं मोठं झालं. मी त्यांच्या खात्यातून बाहेर पडलो असं त्यांना सांगितलंही. पण माझ्या संगणकावर त्यांचंच खातं चालू राहिलं. बदलायचा कंटाळा – दुसरं काही नाही.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका कुटुंबाचं काम आलं. घरातल्या आबांची पंचाहत्तरी, त्यांचा गौरवग्रंथ. आबांच्या लग्नापासूनचे सगळे फोटो आम्ही स्कॅन केले होते. पानं त्यांनी पाहिली, मंजूर केली. छपाईला पाठवायच्या आधीच्या शनिवारी आबांच्या नातवाला ते फोटो मोबाइलवर हवे होते. मी सगळे लहान केले आणि घाईत त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावांनी ठेवले. संगणकाने विचारलं – जुन्या फाइली बदलायच्या का? मी हो म्हटलं. वाचलंसुद्धा नाही. मॅडमनी सोमवारी छपाईची फाइल काढली, तेव्हा त्यांच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसत होतं. लहान फोटो पडद्यावर चांगलाच दिसतो. कागदावर नाही.

पुस्तकं घेऊन आबांचा मुलगा आला. पान उघडून टेबलावर ठेवलं आणि ओरडला नाही – ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मॅडम, आमच्या आबांचं तोंड असं विटा रचल्यागत का दिसतंय? उद्या कार्यक्रम हाय आमचा. पाव्हण्यांना काय सांगू, आबा ओळखा म्हणू?"

मला त्याच क्षणी कळलं. मॅडमना नाही, सरांना नाही – मला. तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता?

सरांनी क्लाउडवरची नोंद उघडली. शनिवार, दुपार, शैला देवस्थळी. प्रत्येक फोटोपुढे तेच नाव. सर म्हणाले, "देवस्थळीबाई, हे यंत्र आहे, त्याला खोटं बोलायची सवय नाही." मॅडमनी चष्मा काढला. पडद्याकडे पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, "मी केलं असेल. मला आठवत नाहीये."

इथपर्यंत मी फक्त गप्प बसलो होतो. भित्रा होतो, इतकंच म्हणता आलं असतं. जुने फोटो क्लाउडवरून परत मिळाले, पुस्तक पुन्हा छापलं, फक्त कार्यक्रमात ते आबांच्या हाती पडलं नाही. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? आठवडाभर बोलणी खाल्ली असती. नोकरी गेली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मॅडमच्या आईला विस्मरणाचा आजार होता. शेवटी आई लेकीलाही ओळखत नव्हती. मॅडमनी हे मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, मला फक्त याचीच भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात विचारलं, "गजानन, शनिवारी जेवणानंतर मी काय करत होते रे? तुला आठवतंय का?"

मला आठवत होतं.

मी म्हणालो, "तुम्ही फोटोंचंच काहीतरी करत होतात, मॅडम."

त्यांनी मान हलवली. "हं. मग मीच," एवढं म्हणून जागेवर गेल्या.

त्यानंतर त्या प्रत्येक पान मला दाखवायला लागल्या. मला! ज्यांनी मला पाहायला शिकवलं, त्या विचारायच्या, "हे बरोबर आहे ना रे?" डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तपासण्यांत काही निघालं नाही. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. दिवाळीला त्यांनी काम सोडलं. जाताना सरांना सांगून गेल्या, माझी जागा गजाननला द्या, त्याचं लक्ष असतं. त्या जागेवर मी चार वर्षं बसलो. बढती घेतली. लग्न केलं. लग्नात त्यांच्या पाया पडलो.

गेल्या महिन्यात त्या एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीत भेटल्या. कुणाचा तरी फोटो दाखवायला त्यांनी मोबाइल काढला. बोटाने पुढे सरकवत होत्या, आणि मध्ये मध्ये एकच फोटो पुन्हा पुन्हा येत होता – त्यांच्या दाराचं कुलूप. मी विचारलं. हसून म्हणाल्या, "अरे, बाहेर पडताना काढून ठेवते. नंतर वाटतं ना, लावलं की नाही. माझं काही खरं नाही आता." शेजारच्या बाई हसल्या. मीही हसलो.

घरी आल्यावर हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. त्याची एक प्रत सरांना दिली. जसं लिहिलं तसंच खाली देतो.

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

मांजरीच्या आबांच्या पुस्तकातले फोटो मी बदलले होते. माझ्या संगणकावर तुमचं खातं चालू होतं, म्हणून नोंदीत तुमचं नाव आलं. तुम्ही नंतर मला विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. मला भीती वाटत होती, आणि तुमच्या आईंचं सगळं माहीत असूनही मी खोटं बोललो.

त्या शनिवारी जेवणानंतर तुम्ही संगणकाजवळ नव्हतात. तुम्ही गॅलरीत उभ्या राहून मुलीशी फोनवर बोलत होतात. ती खडकवासल्याला मैत्रिणींबरोबर गेली होती आणि तुम्ही तिला पाण्यात उतरू नकोस म्हणून सांगत होतात. बराच वेळ बोललात. मी तुम्हाला पाहत होतो.

फोटो बदलल्याचं तुम्हाला आठवत नव्हतं, कारण तुम्ही ते बदललेच नव्हते.

गजानन