कुवेतच्या थंडीत फर्नेस बसवताना

कुवेतमध्ये घरं गरम करायच्या मशिनी बसवतो म्हटलं की नाशिकचे मित्र हसतात. त्यांच्या डोक्यात कुवेत म्हणजे ऊन. जानेवारीत वाळवंटाचं वारं अंगात शिरतं ते फोनवर काय सांगणार? आमची कंपनी वर्षभर एसी करते आणि थंडीचे दोन-अडीच महिने फर्नेस. अमेरिकेत राहून आलेले काही मालक ती आवर्जून मागवतात: बाहेरच्या सिलिंडरवर चालणारी, घरभर गरम हवा सोडणारी. एसीचे किस्से आम्ही विसरतो. फर्नेसचे साठत जातात. मंगफ भागातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी चारजण जेवायला जमले की एकातून दुसरा निघतो, आणि शेवटी कोणीतरी उठून खिडकी उघडतं.

*

माझी पहिली फर्नेस कुडाळच्या सावंतकाकांच्या हाताखाली बसली. ते आमचे सुपरवायझर. या नव्या फर्नेस गॅस कमी खातात आणि त्यांचा धूर इतका थंड असतो की तो प्लास्टिकच्या पाईपमधून बाहेर काढता येतो. पण त्या धुराचं पाणी होतं. ते मशीनकडे परत यावं म्हणून पाईपला उतार द्यायचा. मी पाईप छताला टांगला, चार पावलं मागे येऊन पाहिला आणि खूश झालो. काकांनी बाहेरच्या तोंडातून एक बाटली पाणी ओतायला लावलं आणि स्वतः मशीनपाशी भांडं धरून बसले. अर्धीच बाटली आली.

"उरलेला पाणी खंय गेला?"

मधे दोन हात पाईप झोळीसारखा लोंबत होता. तिथे पाणी साठलं की धुराचा रस्ता बंद, आणि मग तो धूर घरात, एवढंच ते म्हणाले. सगळे क्लॅम्प काढून मला पुन्हा मारायला लावले.

*

बनेद अल-गारच्या एका व्हिलात फिल्टर बदलायला गेलो होतो. रस्त्याकडच्या भिंतीतून निघणारा धुराचा पाईप मालकाला ओंगळ वाटला, म्हणून त्याने त्यावर लाकडी जाळी ठोकून घेतली होती. त्यामुळे धूर अडायचा आणि मशीनचा सेफ्टी स्विच पुन्हा पुन्हा गॅस तोडायचा. मग कोणीतरी येऊन स्विच निकामी करायला त्याला वायरचा तुकडा जोडून गेला होता. मशीन छान चालू, मालक खूश.

काकांनी वायर कापली आणि गॅस बंद केला. घरात म्हातारी आई थंडीने कुडकुडतेय, असं मालक ओरडला. जाळी काढा, पाच मिनिटांत चालू करतो, असं काका सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसातून वॉर्निंग लेटर मिळालं. त्यांनी वाचून सही केली. दुपारी स्वतःच्या खोलीतला विजेचा हीटर उचलला आणि त्या म्हातारीला नेऊन दिला.

जाळी निघाली की नाही, ते आम्हाला कोणी कळवलं नाही.

*

गॅसचा प्रत्येक जोड काका साबणाच्या फेसाने तीन-तीनदा तपासायचे. आम्ही मागून हसायचो. एकदा मी बाहेरून सामान घेऊन मशीनच्या खोलीत शिरलो तर गॅसचा वास भप्पकन आला. नव्या कामगाराने एक नट अर्धवट सोडून, काकांनी तपासण्याआधीच सिलिंडर उघडला होता. काका त्याच खोलीत डबा उघडून माशाचं कालवण आणि भात खात बसले होते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सिलिंडर बंद केला. वास आला नाही का, असं दोनदा विचारलं. त्यांनी बोटांना लागलेला भात झटकला.

"करोना झाल्यापासून कसलाच येत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर साबण."

*

माझी बायको वैशाली इथे नर्स आहे. एका सकाळी तिच्या वॉर्डात एक आई दोन मुलांना घेऊन आली. तिघांचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. रात्रीचं जेवण बाधलं असं बाई म्हणत होती. वैशालीने, माझी बडबड ऐकून ऐकून, घरात गॅसवर काही चालतं का ते विचारलं. फर्नेस होती. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या बिनवासाच्या विषारी वायूचा, अलार्मही होता, पण तो कालपासून सारखा वाजून डोकं उठवत होता म्हणून बाईने त्याची बॅटरी काढली होती.

घरात आणखी कोण आहे? कामवाली आहे, तिलाही बरं नाही, झोपलीय.

वैशालीने तिथूनच अग्निशमन दलाला फोन करायला लावला. त्यांनी दार तोडून कामवालीला बाहेर काढलं. ती वाचली. स्वतःच्या मुलीचं नाव आठवायला तिला तीन दिवस लागले.

*

वफ्राच्या एका शेतावर मालकाच्या घरात फर्नेस बसवली आणि दुसऱ्या सकाळी चालू करायला गेलो. फाटकातच पोलिसांनी अडवलं. घरापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची खोली होती. ग्रीनहाऊसमध्ये काम करणारे दोघे तिथे राहायचे. त्यांनी थंडीसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावलं होतं. तेलंगणाचा यादगिरी गेला. परभणीकडच्या ज्ञानोबाला हॉस्पिटलात नेलं होतं.

पंधरा दिवसांनी मालकाने पुन्हा बोलावलं. ज्ञानोबा परत आला होता आणि मालकाने त्याला घरातलीच एक खोली दिली होती. तिथे आधी अलार्म लावा, असं त्याने काकांना हात जोडून सांगितलं. काकांनी लावला, बटण दाबून वाजवून दाखवला. फर्नेस सुरू केली. खोलीत ऊब आली, पण ज्ञानोबा उंबऱ्याच्या आत येईना. मी मराठीत बोललो तेव्हा तो तिथेच खाली बसला. मीही बसलो.

"आतल्या बाजूला, शेगडीपाशी झोपायची पाळी माझी व्हती," तो म्हणाला. "एक रोज त्यो, एक रोज मी, असं ठरलं व्हतं. दुसऱ्यानं दाराशी झोपायचं, तिथं फटीतून लई गार वारं यायचं. त्या रोजी त्याला ताप व्हता. म्हणला, आज मलाच आत राहू दे. मी लई भांडलो त्याच्याशी."

मग काय झालं, मी विचारलं.

"मग दिली जागा. आन् रागानं त्याच्याकडं पाठ करून, फटीकडं तोंड करून झोपलो."