तिच्या नावापुढे लिहिलेलं 'गोष्ट वाचते'
मी खोटं लिहिलं. तिसरीच्या माझ्या वर्गातली एक मुलगी जोडाक्षर आलं की थांबायची, आणि वाचनचाचणीच्या तक्त्यात मी तिच्या नावापुढे 'गोष्ट वाचते' ही सगळ्यात वरची पातळी लिहिली.

बिबवेवाडीतली आमची महापालिकेची शाळा. आदल्या चाचणीत माझा वर्ग तळाला होता आणि वर्गांच्या क्रमांकांची यादी शिक्षकांच्या ग्रुपवर फिरली होती. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "सर, मुलं वाचत नाहीत, की आपण शिकवत नाही? कळलं तर बरं." सगळे हसले. मीही हसलो.

तक्ता भरून दिला आणि पडताळणीचा निरोप आला. शिक्षण खात्याचे साहेब वर्गात येऊन कुठल्याही मुलाला उभं करून वाचायला लावणार होते. साहेबांचं बोट त्या एकाच नावावर पडणार, असं सारखं वाटत राहिलं.

आदल्या दिवशी तिला न्यायला तिची आई आली. चार घरी स्वयंपाक करणारी बाई. मी म्हणालो, "उद्या हिला घरीच ठेवा. सर्दी दिसतेय."

"सर्दी कुठंय, सर?"

"होईल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पण सर सांगतात म्हणून ऐकलं. साहेब आले, तीन मुलांना वाचायला लावलं, चहा घेऊन गेले.

मग मागे पडलेल्या मुलांसाठी वाचनाचा जादा तास सुरू झाला. यादी माझ्याच तक्त्यावरून निघाली होती, त्यामुळे तिचं नाव त्यात नव्हतं. नाव घालायचं तर तक्ता खोटा होता हे सांगावं लागणार. रोज उद्यावर ढकललं. असे दोन महिने गेले.

पालकसभेला आई पुन्हा आली. मुलगी तिच्या पदराआड होती.

"सर, तुम्ही घरी पाठवलेल्या प्रगतीच्या कागदावर गोष्ट वाचते लिहिलंय आणि घरी एक ओळ वाचत नाही. नाटकं करते. काल चांगली दोन दिली तिला."

मुलगी माझ्याकडे बघत होती. सर आता काय सांगतात, याची तिला भीती वाटत होती. त्याहून जास्त मला.

त्यांना तिथंच थांबायला सांगून मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेलो आणि तक्त्यातलं सगळं सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "लेखी द्या." दिलं. पुढं माझं काय होणार, ते विचारायचं धाडस झालं नाही.

बाहेर येऊन आईला म्हणालो, "ती नाटक करत नाही, ताई. तिला अजून वाचता येत नाही. मला बोलणी बसू नयेत म्हणून मी खोटं लिहिलं. त्या दिवशी सर्दीही नव्हती. उद्यापासून ती जादा तासाला बसेल."

मी मुलीसमोर खाली बसलो.

"मार तुला माझ्यामुळे बसला, बाळा. चूक माझी होती. मला माफ कर."