गल्लीच्या सह्या

पोरांना घरात मारहाण होते, ती सरकारी कागदावर आणायची, हे माझं काम. राहते अमरावतीला, राजापेठेत, नोकरी अकोल्याला. लोक विचारतात, "मॅडम, तुमी करता तरी काय?" मी म्हणते, लिहिते. घरी जाते, आईबापाशी बोलते, शेजाऱ्यांचे जबाब घेते, अहवाल करते आणि बाल कल्याण समितीपुढे ठेवते. पोराला घरी पाठवायचं की बालगृहात ठेवायचं, हे समिती त्या कागदांवरून ठरवते. नुसत्या तोंडी बोलण्याला तिथे काडीची किंमत नाही.

अकोटची एक पोट्टी होती, तिसरीतली. शाळेतल्या बाईंना तिच्या पाठीवर वळ दिसले, त्यांनी कळवलं, आणि चौकशी होईपर्यंत तिला अकोल्याच्या बालगृहात ठेवलं. बाप पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. डॉक्टरांनी लिहिलं, व्रण जुने आहेत, कशाचे ते नक्की सांगता येत नाही. पोरगी म्हणाली, पडली. आईही म्हणाली, पडली. झालं! आता उरले शेजारी. ते बोलले तर ठीक, नाही तर पोरगी परत त्याच घरात.

गेले अकोटला. आणि बाप्पा, काय सांगू, गल्ली तर भडाभडा बोलायला लागली! शेजारच्या घरातल्या बाईने मला आत बसवलं, चहा दिला, पंखा लावला आणि आवाज खाली करून म्हणाली, "बाप भल्ला मारते वो तिले, मॅडम. वायरनं मारते. पोट्टीचं रडणं आयकून घास नाही उतरत आमच्या घशाखाली." समोरचा किराणावाला म्हणाला, "एक डाव तं केसाले धरून नालीपर्यंत फरफटत आणलं होतं तिले." कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर तर सांगता सांगता रडले.

मला वाटलं, जमलं. पेन काढलं आणि चहा देणारीला म्हटलं, मी हे लिहिते, तुम्ही खाली सही करा. तशी ती ताडकन उठली. "लिहू नका. सांगून राहिली ना मी तुमाले!"

"अहो, नुसतं सांगून मी काय करू? त्याचं लोणचं घालू?"

"आमाले इथंच राहाचं हाय, मॅडम. तुमी जासान निघून."

मग किराणावाल्याकडे गेले, तर त्याच्या दुकानात एकाएकी गिऱ्हाइकांची गर्दी झाली. मास्तरांना चष्मा सापडेना. माझं डोकं असं सणकलं की मी त्यांच्या अंगणात उभी राहून म्हटलं, "मग रडता कशाले, मास्तर?" त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. अहवालात मी लिहिलं, 'शेजाऱ्यांनी तोंडी माहिती दिली, सही देण्यास नकार दिला.' म्हणजे न लिहिल्यासारखंच.

समितीच्या दिवशी बाप इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याने खिशातून एक अर्ज काढून पुढे ठेवला. 'सदर इसम सुस्वभावी व निर्व्यसनी असून मुलांवर त्याचे अत्यंत प्रेम आहे.' खाली गल्लीच्या सह्या. पहिलीच सही त्या चहा देणारीची. मग किराणा दुकानाचा शिक्का. मास्तरांनी तर वळणदार अक्षरात पूर्ण पत्ता लिहिलेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा दारोदार फिरला असेल आणि सगळ्यांनी मुकाट्याने सह्या ठोकल्या असतील!

"खोटारडे आहेत हे सगळे," मी ओरडले. "माझ्यापाशी सांगितलंय यांनी!"

अध्यक्षबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "मला कळतं हो. पण तुमच्याकडे लेखी काय आहे?"

काही नव्हतं. पोरगी बाहेर बाकावर बसली होती आणि कोणीतरी तिचे कपडे पिशवीत भरूनही ठेवले होते. बापाच्या मागे तिची आई उभी होती.

"आईला एकटीला विचारा," मी म्हटलं. "याला बाहेर काढा आधी."

"विचारलं होतं ना एकदा?"

"हा बाजूला उभा होता तेव्हा!"

त्याला बाहेर पाठवलं. आई खुर्चीवर टेकली. अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहायला लागल्या, तशी ती म्हणाली, "लिहा."

"काय लिहू?"

"तिचा बाप वायरनं मारते. दार लावून मारते. आन मी टीव्हीचा आवाज वाढवत होती, भाईर आयकू जाऊ नये म्हणून. तेबी लिहा."

माझा हात थांबला. "ताई, हे तुमच्यावर येईल."

"लिहा म्हटलं ना! नाही तं कोन इस्वास ठेवन माह्यावर?"

लिहिलं. वाचून दाखवलं. तिने मान डोलावली आणि सही केली. पोरगी बालगृहातच राहिली, बापावर गुन्हा दाखल झाला. मी आईला म्हटलं, तुम्हीही घरी जाऊ नका, बायांसाठी सोय आहे आपल्याकडे. ती म्हणाली, "लहाना पोट्टा घरी सासूपाशी हाय. सासू देत नाही त्याले. त्याले टाकून मी कुठं येऊ?" मी खूप डोकं फोडलं, पण तिने ऐकलं नाही. बाप जामिनावर सुटला आणि घरीच आला.

पुढच्या गृहभेटीला गेले तर गल्लीत कोणी माझ्याकडे बघेना. आई दारातच उभी होती. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. आतून त्याचा आवाज आला, "जिन्यावरून घसरली ते."

घराला जिनाच नव्हता. मी पेन काढलं.

"माह्यं राहू द्या," ती हळूच म्हणाली. "पोट्टी जेवते काय?"

"जेवते."

"झोपीत दचकत होती ते."

"आता नाही दचकत. सकाळी उठवावं लागतं तिला."

"खरं सांगून राहिल्या?"

"अगदी खरं."

ती हसली. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"मंग माह्यं होऊ द्या काय व्हाचं ते," ती म्हणाली आणि आत गेली.