देवाला अरेतुरे करणाऱ्या बायका

चार बायका एकत्र बसल्या की किस्से साठतातच. त्यात त्या ब्रह्म आणि माया समजून घ्यायला बसल्या असतील, तर विचारूच नका! नव्वद सालच्या आसपास आम्ही वर्तकनगरात दर गुरुवारी दुपारी सुलभाताईंकडे जमायचो. ताई कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेल्या. जुन्या संत कवयित्रींचे अभंग त्या आम्हाला अर्थासकट शिकवायच्या.

*

पहिल्याच दिवशी अद्वैत निघालं. ताई अभंगावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बाई सांगते, देव आणि मी वेगळे नाहीच."

नलू मोहन्याहून यायची. ती घाबरलीच. "अहो ताई, मग मी बोललेला नवस फेडायचा कोणी?"

"तूच फेड. आणि नारळही तूच खा!"

*

हीच नलू घरी गेली. नवरा फॅक्टरीतून आलेला, म्हणाला, "जेवायला वाढ."

नलू म्हणाली, "जेवणारा कोण, ते आधी ओळखा!"

नवरा उठला आणि स्वतःच ताट घेऊन बसला. "ओळखलं. भुकेला आहे बिचारा!"

*

एकदा कल्याणचे एक कीर्तनकार बुवा पाहुणे म्हणून आलेले. त्या दिवशीच्या अभंगात कवयित्री देवाला चक्क निष्ठुर म्हणते, जाब विचारते. बुवा डोळे मिटून म्हणाले, "ही विरहाची परमावस्था!"

आमची मंगल पटकन बोलली, "नाही हो बुवा, हे भांडण आहे. उशिरा घरी येणाऱ्या माणसाशी आम्ही असंच बोलतो!"

पुढच्या कीर्तनात बुवांनी हेच वाक्य टाकून टाळ्या घेतल्या म्हणे. मंगलचं नाव घ्यायचं तेवढं राहिलं!

*

मायेचा धडा रंगात आलेला. हे जग म्हणजे निव्वळ भास, असं ताई सांगत होत्या. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" ताई आमच्या आधी मोरीत!

मी म्हटलं, "ताई, पाणी पण भासच ना?"

"भासच गं, पण अर्ध्या तासात जातो. बादली धर!"

*

मंगलच्या सासूबाई, आक्का, फार कडक. पाळी आली की मंगलने चार दिवस बाजूला बसायचं, पोथीला हात लावायचा नाही. सून गुरुवारी काय शिकते ते बघायला एकदा आक्का स्वतःच आल्या. त्या दिवशीचा अभंग नेमका विटाळावर. कवयित्री देवालाच विचारते, ज्यातून सगळ्यांचा जन्म, ते अशुद्ध कसं? अर्थ सांगताना ताईंचाही आवाज जरा खाली आला. मंगल मान खाली घालून बसलेली. आक्का उठल्या. चहासुद्धा न घेता गेल्या. आम्हाला वाटलं, मंगलचा वर्ग आता बंद!

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी मंगल बाजूला बसलेली, म्हणून येणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. वर्ग सुरू झाला आणि बेल वाजली. दारात आक्का, मागे रडवेली मंगल. आक्कांनी तिला सगळ्यांच्या मधे सतरंजीवर बसवलं. ताईंच्या हातातली पोथी घेतली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली.

"वाच गं मोठ्याने. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता!