अण्णांचा लोहचुंबक

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, लोहचुंबक असे. जुन्या रेडिओच्या फुटक्या स्पीकरमधून काढलेला, मधे भोक असलेला, जाड कड्यासारखा. त्याच्या वजनानं खिसा कायम ओघळलेला असायचा. मोखाड्याच्या आठवडेबाजारात अण्णा भांड्यांच्या दुकानापुढे उभे राहिले की भांडीवाली कपाळावर हात मारायची. ते प्रत्येक ताटाला चुंबक लावून बघत. चिकटला की म्हणत, "हे चांगलं स्टील नाही." नाही चिकटला की म्हणत, "हे जरा जास्तच चांगलं दिसतंय." आणि ताट न घेता पुढे जात.

अण्णा जव्हारला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहणारी प्राथमिक शिक्षिका. मला ते 'बाई' म्हणत. त्यांचा संशय सकाळी दुधाचा पेला उजेडात धरण्यापासून सुरू व्हायचा आणि आकाशवाणीच्या हवामानापर्यंत पोचायचा. जीपवाल्यानं "निघालोच" म्हटलं की ते खाली वाकून इंजिन तापलंय का ते बघत. कुणी काही शपथेवर सांगितलं तरी त्यांचं एकच उत्तर असे, "असेल. पण बघायला काय हरकत आहे?" काकू म्हणायच्या, "लग्नात माझ्या मंगळसूत्रालासुद्धा चुंबक लावला असता यांनी. भटजी मधे बसले होते म्हणून वाचलं."

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता, पोशेऱ्याच्या शाळेचे गुरुजी. गुरुजी तिथल्याच भात-नागलीच्या शेतकरी घरातले. मी नोकरीला लागले तेव्हा माझे पहिले मुख्याध्यापक तेच. "बाय, आधी पोरांची नावं पाठ कर, धडा कुठं पळत नाय," हा त्यांचा मला पहिला उपदेश. दर रविवारी ते जव्हारला येत, पिशवीतून नागलीचे पापड काढत, आणि अण्णा ते पापड उजेडात न धरता खात. वीस वर्षांचा स्नेह होता. पुढे गुरुजींची नजर मंदावली आणि त्यांनी हौसेनं घेतलेली चमकत्या निळ्या रंगाची छोटी गाडी विकायचं ठरवलं, तेव्हा ती अण्णांनी घेतली. घेताना खिशातून हात बाहेर काढला नाही. गुरुजींच्या देखत चुंबक लावायची त्यांना लाज वाटली.

ती लाज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली. मग अण्णांनी गाडीला सात ठिकाणी चुंबक लावून पाहिला: बॉनेटवर तीन, दारांवर दोन, छपरावर दोन. अपघात झालेल्या गाडीचे खड्डे लांबी, म्हणजे वाळून घट्ट होणारा लगदा, भरून बुजवतात आणि लांबीला चुंबक चिकटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सातही ठिकाणी चिकटला. एवढ्यावर भागलं असतं तर ते अण्णा कसले? पुढच्या रविवारी पुन्हा सात ठिकाणी, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. चुंबक घट्ट बसायचा, मग तो पिळून, गोल फिरवून काढावा लागायचा. मी अंगणात कपडे वाळत घालताना ती करकर ऐकायची आणि हसायची.

दोन पावसाळे गेले आणि गाडीची कांती उतरायला लागली. रंगाच्या वर चकाकीचा जो पारदर्शक थर असतो, गॅरेजवाले ज्याला लॅकर म्हणतात, तो उन्हात भाजलेल्या पाठीसारखा सोलून निघू लागला. अण्णांनी एक पापुद्रा नखानं उचलला, उजेडात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. कंपनीचा रंग असा सुटत नाही."

"अण्णा, चुंबक चिकटतो ना?"

"हल्ली चुंबकाला फसवणारी लांबी निघाली असेल."

त्या रविवारी गुरुजी आले तेव्हा अण्णा घरात असून काकूंनी "बाहेर गेलेत" असं सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. गुरुजींनी पापडांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच परत फिरले. त्यानंतर वर्षभर ते आले नाहीत. अण्णांनी ते पापड खाल्ले नाहीत, आणि फेकूही दिले नाहीत.

एप्रिलात गुरुजी निवृत्त व्हायचे होते. पोशेऱ्याला शनिवारी निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि पत्रिका अण्णांनाही आली. ते मला म्हणाले, "जाणार आहे मी. पण त्याआधी हा पत्रा घासून बघणार. लांबी सापडली तर सगळ्यांच्या समोर विचारणार, गुरुजी, हे काय?" ज्या माणसानं सगळा जन्म त्या डोंगरात पोरांना अक्षर शिकवण्यात घालवला, त्याला शेवटच्या दिवशी हे ऐकायला लागणार होतं.

रंगाऱ्याकडे गाडी द्यायला अण्णा तयार नव्हते. "त्याचं आणि गुरुजींचं साटंलोटं असलं तर?" काम घरीच करायचं होतं आणि त्यांचा हात कापत असे. मी म्हटलं, मी घासते. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "तुम्हीही त्यांच्याच हाताखालच्या." शेवटी मी घासायचं आणि त्यांनी शेजारी स्टुलावर बसून बघायचं, असं ठरलं. मी का पुढे झाले तेही सांगते. लांबी निघालीच तर ती आधी मला दिसावी, कसंतरी झाकता यावी, असं माझ्या मनात होतं. म्हणजे मीही गुरुजींवर संशय घेतलाच की. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मागच्या पडवीत गाडी घेतली. धूळ उडू नये म्हणून काकूंनी जमिनीवर पाणी शिंपडलं. काचा आणि दिवे वर्तमानपत्रांनी झाकले. मी बादलीत वॉटर पेपर बुडवून एकेक जागा घासू लागले. सुटलेले पापुद्रे निघाले, पांढुरकं पाणी ओघळलं. खाली तोच निळा रंग, सगळीकडे सारखा. "आणखी घासा," अण्णा म्हणाले. बॉनेटच्या कोपऱ्यात थेट पत्र्यापर्यंत घासलं. निळ्याखाली करड्या रंगाचा अस्तराचा हात, त्याखाली स्वच्छ पत्रा. लांबीचा कण नाही.

"दुसरीकडे असेल," अण्णा म्हणाले.

मी दुसरीकडे वळले आणि थांबले. पाणी निथळल्यावर दारावरच्या सोललेल्या जागेत बारीक ओरखडे उठून दिसत होते, सगळे गोल. बॉनेटवर बघितलं, तिथेही गोल. मोजल्या तर सोललेल्या जागा सात. छपराच्या मधोमध, जिथे अण्णांचा हात पोचत नव्हता, तिथला लॅकर आरशासारखा शाबूत होता.

"अण्णा, तुमचा चुंबक द्या जरा."

त्यांनी कुरकुरत दिला. मी तो दारावरच्या ओरखड्यांवर ठेवला. तो तिथे बरोबर बसला. अण्णा स्टुलावरून उठले, सातही जागी स्वतः चुंबक लावून आले आणि पडवीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "दर रविवारी मीच ओरबाडत होतो. त्या ओरखड्यांतून पाणी आत गेलं." काकूंनी आतून चहा आणला, तर त्यांनी तो उजेडात न धरता पिऊन टाकला.

शनिवारी त्यांना त्याच गाडीतून पोशेऱ्याला जायचं होतं, चकचकीत गाडीतून. शुक्रवारी मी बॉनेटच्या उघड्या कोपऱ्याला निळा रंग दिला आणि नाशिकहून आधीच मागवून ठेवलेला लॅकरचा डबा फवारायला घेतला. जुन्या थराच्या कडा बोट अडकणार नाही इतक्या घासून मगच नवा थर द्यायचा असतो. बॉनेटवर मी ते नीट केलं. दारांपर्यंत येताना दुपार झाली होती, खांदे भरून आले होते. अण्णांनी विचारलं, "कडा बघितल्या ना?" मी "हो" म्हटलं. खरं म्हणजे बघितल्या नव्हत्या. ते उठून बोट फिरवतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते उठले नाहीत. "मग झालं," एवढंच म्हणाले.

पोशेऱ्याला शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. भाषणं झाली आणि अण्णा उभे राहिले. वर्षभराचा अबोला सगळ्यांना ठाऊक होता. गुरुजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. अण्णा म्हणाले, "गुरुजींची गाडी मी तीन वर्षं तपासली. पत्र्यापर्यंत तपासली. तपासायची गरज नव्हती, हे सगळ्यांसमोर सांगायला आलोय." एवढं बोलून खाली बसले. गुरुजी उठले, चाचपडत आले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला अण्णा, जेवाय चला. मना ठावं होतं, तुम्ही याल."

अण्णा बदलले असं मात्र कुणी समजू नये. भांडीवाली पुढेही कपाळावर हात मारतच राहिली. त्या गाडीला मात्र त्यांनी पुन्हा कधी चुंबक लावला नाही.

त्याच पावसाळ्यात दारांवरचा लॅकर सुटला. घासायच्या राहिलेल्या कडांवरूनच सुटला. कुणी विचारलं की अण्णा म्हणत, "उन्हाचं काम आहे. बाईंनी कडा बघितल्या होत्या." पुढे निवृत्त होऊन ते गावी निघाले, त्या दिवशी सामान गाडीत भरलेलं होतं, काकू आत बसल्या होत्या. अण्णांनी दारावरचा उचकटलेला पापुद्रा अंगठ्यानं दाबून बसवला आणि मला म्हणाले, "ऊन फार वाईट हो, बाई. तुमच्या हाताला दोष नाही."

वीस वर्षांच्या स्नेहावर ज्यांनी संशय घेतला, त्यांनी माझ्या एका "हो"वर कधीच घेतला नाही. मला तेव्हा सांगायचं होतं. खिडकीशी वाकलेसुद्धा. तोवर अण्णांनी गाडी सुरू केली होती.