बसवाल्या डेसचं मत

ओडेसा टॉलिव्हर शाळेची पिवळी बस चालवायची, आणि तिची जीभ त्या बसपेक्षा जोरात चालायची. बसला निदान ब्रेक होते.

टेकडीवरच्या तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली नदी, नदीकाठी बंद पडलेला पोलादाचा कारखाना, आणि पुलापलीकडे शहर, जिथे फोर्जर्स हा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळाचा, संघ खेळायचा. या खोऱ्यात माणूस चर्चला उशिरा पोचला तर देव माफ करतो. सामन्याला उशिरा पोचला तर मेहुणेसुद्धा माफ करत नाहीत. दुपारच्या वेळी वॉली क्रुपा रेडिओवर यायचा आणि अख्खं खोरं त्याला फोन करून संघाची उणीदुणी काढायचं. फोन करणाऱ्यांना आडनाव नसायचं. पुलाखालचा एडी, बेकरीवाली रोझ. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे टेकडीवरची बसवाली डेस.

डेस म्हणजेच ओडेसा. तिचा फोन आला की वॉली बाकीच्यांना थांबवायचा. प्रशिक्षक असो की संघाचा मालक, ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही. "अरे वॉली, तो प्रशिक्षक आहे की पुतळा? पुतळ्यावर निदान कबुतरं तरी बसतात!" असलं काहीतरी बोलायची आणि दुसऱ्या दिवशी ते सलूनपासून कचेऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असायचं.

वॉलीला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. फोर्जर्सचा रिसीव्हर, म्हणजे लांब धावत जाऊन चेंडू झेलणारा गडी, कॉर्नेल टॉलिव्हर हा डेसचा पोटचा पोरगा होता. गावाने हे गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवलं. कुणी शपथ घातली नव्हती. सगळ्यांना मजा येत होती, एवढंच. ओडेसाचं म्हणणं साधं होतं. "आई आहे म्हटलं की लोक नुसती मान डोलावतात. मला माझं म्हणणं ऐकवायचंय."

आणि पोराचीही तिने कधी गय केली नाही. त्याने सोपा चेंडू सोडला की फोन ठरलेला. "त्या टॉलिव्हरने आज हाताला लोणी लावलं होतं का?" कॉर्नेल घरी जाताना गाडीत हे ऐकायचा आणि रविवारी जेवायला आला की कुरकुरायचा.

"ममा, दुसऱ्यांच्या आया मैदानावर केक पाठवतात."

"दुसऱ्यांची पोरं चेंडू झेलतात. भाजी घे अजून."

पण त्या मार्चमध्ये मामला वेगळा होता. कॉर्नेल चौतिशीला आला होता. ऐन भरात असताना त्याने केलेल्या कराराचं शेवटचं वर्ष समोर होतं, आणि सगळ्यात मोठी रक्कम त्याच वर्षाची होती. गुडघे मात्र करार वाचत नाहीत. संघाने त्याला सांगितलं, निम्म्याहून कमी पैशांवर राहा, नाहीतर मोकळा हो. उत्तर शुक्रवारपर्यंत. पश्चिमेकडचा एक संघ त्याच्यावर डोळा ठेवून आहे अशी कुणकुण होती. वॉलीने आठवडाभर एकच प्रश्न लावून धरला: कॉर्नेल टॉलिव्हरला ठेवायचा की सोडायचा? आणि दर दुसरा माणूस फोनवर विचारत होता, "ते राहू दे, डेस काय म्हणते?"

डेस काहीच म्हणत नव्हती. कॉर्नेल दोन रविवार जेवायला आला नव्हता. या विषयावर त्याने आईकडे ब्रही काढला नव्हता, आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिला भीती होती ती एवढीच, की पोरगा ताठ्यात पश्चिमेला जाईल, उन्हाळा संपायच्या आत ते लोक त्याला काढतील, आणि मग आज या दारात, उद्या त्या दारात, असं त्याचं नाव झिजत जाईल. असं झिजलेले खेळाडू तिने पाहिले होते.

ईस्टरआधीचे, मटण वर्ज्य पण मासे चालणारे उपासाचे दिवस होते म्हणून मुदतीच्या आदल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीचं जेवण चालू होतं. तिथे डीकन बॅस्कमने तिला गाठलं. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी, आणि कढईपाशी उभा असला की गावाचाही.

"ओडेसा, तू एकदा फोन कर. नुसतं म्हण, पूर्ण पैसे देऊन ठेवा. अर्धं शहर तुझ्या बाजूने उभं राहील. मालकाला झक मारत ऐकावं लागेल."

"मला तसं वाटत नसलं तर?"

"तुझा पोरगा आहे तो! अगं, वाघ म्हातारा झाला म्हणून काय गवत खातो?"

"गवत खात नाही, पण हरीणही पकडत नाही. डीकन, तुमचा मासा करपतोय."

डीकन कढईकडे वळला आणि ती तिथून निघाली. पण बोलणं मनात रुतून बसलं. डीकन चुकीचं बोलला नव्हता. तिच्या शब्दाला वजन होतं. ते वजन एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पोरासाठी वापरलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? वॉलीला कळणारही नव्हतं. आठवडाभर ती गियर बदलताना हाच विचार करत होती, आणि दोनदा तिने बस थांबा सोडून पुढे नेली. पोरं ओरडली तेव्हा भानावर आली.

उत्तराच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तिने ठरवलं. बोलायचं, आणि जे दिसतं तेच बोलायचं.

पोरं बसमध्ये असताना रेडिओ बंद, हा तिचा नियम होता. त्यामुळे त्या दुपारी वॉलीने कार्यक्रमाच्या सुरुवातीला काय जाहीर केलं ते तिने ऐकलंच नाही. शेवटचं पोरगं उतरवून ती आगारात आली, बस उभी केली आणि तिथेच स्टिअरिंगसमोर बसून फोन लावला. दुरुस्तीवाल्या रूफसने शेडमधून तिला पाहिलं आणि दोन्ही हात हवेत नाचवायला लागला. आपल्या रेडिओकडे बोट काय दाखवत होता, गळ्यावरून हात काय फिरवत होता. ओडेसाने त्याला हातानेच दटावलं. या माणसाला बस आली रे आली की ती धुवायची घाई.

"आणि आता," वॉलीचा आवाज आला, विचित्र आनंदाने फुललेला, "जिची आपण सगळे वाट बघत होतो ती टेकडीवरची डेस! बोला डेसबाई, टॉलिव्हरला ठेवायचा की सोडायचा?"

"आधी ऐक, मग विचार. त्याचे पाय गेले. नोव्हेंबरच्या त्या सामन्यात चेंडू सरळ हातात आला होता आणि त्याने सोडला. का सोडला? कारण चेंडू बघायच्या ऐवजी तो अंगावर येणाऱ्या समोरच्या संघातल्या पोराला बघत होता. जवानीत त्याने कधी असं बघितलं नाही. करारातले पैसे त्या जुन्या पायांचे आहेत, वॉली. मी मालक असते तर दिले नसते."

"म्हणजे सोडायचा?"

"मी तसं म्हटलं का? तू ना, हिरवा दिवा लागायच्या आधीच हॉर्न वाजवतोस! त्याच सामन्यात, चेंडू सोडल्यावर पुढच्याच डावात, तो पुढे धावला आणि आपल्या संघातल्या त्या नव्या पोरासाठी दोन जणांना अंगावर घेतलं. नवं पोरगं मोकळं सुटलं, टाळ्या त्याला. हा चिखलात पडला होता, आणि उठून पहिला त्याच्याकडेच धावला. अशा माणसाला ठेवा. आज तो जेवढ्याचा आहे तेवढ्यात ठेवा. आणि त्याने लाज वाटून घेऊ नये." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझा नवरा कारखान्यात क्रेन चालवायचा. कारखाना बंद झाला तेव्हा त्याने शाळेत झाडू हातात घेतला. त्याच्यापेक्षा ताठ मानेचा माणूस मी पाहिला नाही. झालं माझं बोलून."

पलीकडे वॉलीने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"डेसबाई," तो म्हणाला, "माझ्यासमोर आज कोण बसलंय, माहितीये ना तुम्हाला?"

"कोण?"

"नमस्कार, ममा," कॉर्नेल म्हणाला.

शेडमध्ये रूफसने डोक्याला हात लावला. ओडेसाने स्टिअरिंग घट्ट धरलं, जणू बस उतारावरून सुटली होती.

"ममा?" वॉली किंचाळला. "ममा म्हणजे? अहो, तुम्ही याला लोणी लावलेला म्हणाला होतात! माझ्या कार्यक्रमात!"

"त्या दिवशी होता तो तसा," ओडेसा कशीबशी म्हणाली. मग आवाज उतरला. "कॉर्नेल, बाळा, मला माहीत नव्हतं तू तिथे आहेस."

"माहीत होतं मला, की तुला माहीत नसणार. बसमध्ये पोरं असतात या वेळी." तो हसत होता, पण नीट हसू येत नव्हतं. "मी सही केली ममा. सकाळीच. कमी पैशांवर. त्या नव्या पोराला शिकवायचं कामही मीच मागून घेतलं."

"आणि मला सांगितलं नाहीस? गावभर उपाशी फिरले मी आठवडाभर!"

"सांगितलं असतं तर तू आज काय बोललीस ते मला कधी कळलं नसतं." कॉर्नेल थांबला. "मी ते ऐकायलाच इथे आलो. दोन आठवडे तू गप्प होतीस. मला वाटायला लागलं, आता ममा मला सांभाळून घेईल. रेडिओवर माझी बाजू घेऊन खोटं बोलेल. तू तसं बोलली असतीस ना, तर मी समजलो असतो की मी खरंच संपलो."

ओडेसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. इतकी वर्षं तिने या पोराचे चेंडू मोजले होते, त्याचे गुडघे, त्याच्या चुका. आणि त्याच्या बापाची, हॉलिसची, ती ताठ मान त्याच्याकडे कधी आली हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. अभिमानाने तिची छाती भरून आली.

"डेसबाई?" वॉलीने हळूच विचारलं. "आहात ना फोनवर?"

"डेस नाही," ती म्हणाली. "नीट नाव घे. ओडेसा टॉलिव्हर. हॉलिस टॉलिव्हरची बायको, आणि तुझ्यासमोर बसलाय त्याची आई."